प्रयोग सरतो, परीक्षण उरते



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे ते वर्गात मराठी शिकवीत. परंतु स्नेहसंमेलनातील नाटके बसविणारे मास्तर म्हणूनच ते येथे जमलेल्या अनेकांच्या मनात घर करून आहेत. त्यामुळे विषय रंगभूमीचा निवडावा हे ओघानेच आले. नाटककारांविषयी आणि नटांविषयी व्याख्याने पुष्कळ होतात. आज मी एका उपेक्षित लेखनप्रकाराकडे आपले लक्ष वेधणार आहे. गावातील एखाद्या छोट्या नाट्यसंस्थेने प्रयोग केल्यावर गावातल्याच वृत्तपत्रात चार-सहा परिच्छेदांचे जे परीक्षण छापून येते, किंवा येत नाही, तो आजचा विषय आहे. विषय लहान दिसतो खरा. पण बेळगाव-निपाणीच्या या पट्ट्यात तो आपल्या भाषेच्या अस्तित्वाशी जाऊन भिडतो, असे माझे प्रतिपादन आहे.

राजाची मर्जी आणि लोकांचे मत

मराठी नाटकाचा आरंभ आपण ५ नोव्हेंबर १८४३ या दिवशी धरतो. सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्यासमोर विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तो हा दिवस. त्याच्या आदल्या वर्षी उत्तर कानड्यातील कर्कीची भागवत मंडळी सांगलीस येऊन आपले खेळ करून गेली होती. ते पाहून तसेच, पण अधिक सुघड खेळ मराठीत व्हावेत अशी राजेसाहेबांना इच्छा झाली. मराठी रंगभूमीची जन्मकथा अशी कानडी मुलखातून सुरू होते, याचा विसर इतरांना पडला तरी सीमेवरच्या आपल्याला पडू नये.

दरबारात खेळ होत असे तेव्हा परीक्षक एकच होता आणि तो समोर बसलेला होता. त्याची मर्जी हेच परीक्षण. १८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तले, आश्रय संपला आणि भाव्यांना मंडळी घेऊन मुलूखगिरीस निघावे लागले. १८५३ मध्ये ते मुंबईस ग्रँट रोडवरील नाट्यगृहात खेळ करू लागले, तेव्हा चित्र पालटले. आता प्रेक्षक तिकीट काढून येणार होता. पैसे देण्यापूर्वी खेळ कसा आहे हे त्याला जाणून घ्यावयाचे होते, आणि तेथील वृत्तपत्रांनी या खेळांची दखल घेतली. राजाच्या मर्जीची जागा लोकांच्या मताने घेतली, आणि ते मत छापून ठेवण्याची सोय झाली. नाट्यपरीक्षणाचे मूळ मला या पालटात दिसते.

अण्णासाहेबांचे बेळगाव

आता आपल्या गावाकडे वळू. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ साली, म्हणजे ‘सीतास्वयंवरा’च्याच वर्षी, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. पुण्यास शिकावयास गेले असता अभ्यासापेक्षा नाटकमंडळ्यांना पदे रचून देण्यात त्यांचे मन रमले. परत आल्यावर १८६६ मध्ये त्यांनी बेळगावात ‘भरतशास्त्रोत्तेजक मंडळी’ काढली. १८७३ मध्ये त्यांचे ‘शांकरदिग्जय’ हे गद्य नाटक आले. येथे त्यांनी शिक्षकी केली, पुढे महसूल आयुक्तांच्या कचेरीत नोकरी केली आणि त्या कचेरीच्या निमित्ताने ते पुण्यास गेले. तेथे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर हे त्यांचे पहिले सहकारी. नोकरी सांभाळून, सुटीच्या वेळात तालीम करणाऱ्या मंडळींनी हे युग घडविले. आज आपण ज्याला ‘हौशी संस्था’ म्हणतो तशीच तीही आरंभी होती.

पुण्याच्या त्या रात्रीची तारीख आपल्याला ठाऊक आहे, नाट्यगृह ठाऊक आहे, किती अंक झाले तेही ठाऊक आहे. तिच्या आधीची बेळगावातील चौदा वर्षे घ्या. याच काळात एका तरुणाच्या हातून संगीत नाटकाची कणीक तिंबली जात होती. पण त्या वर्षांची हकीकत आपल्यापर्यंत पोचते ती मुख्यतः मागाहून लिहिलेल्या चरित्रांतून आणि आठवणींतून. किर्लोस्कर मंडळीत वावरलेल्या शंकर बापूजी मुजुमदार यांनी अण्णासाहेबांचे चरित्र लिहून १९०४ मध्ये प्रसिद्ध केले. तोवर अण्णासाहेबांना जाऊन एकोणीस वर्षे होऊन गेली होती. चरित्रकार नायकाचा मोठेपणा माहीत झाल्यावर लिहावयास बसतो. मागे वळून पाहताना त्याला सगळ्या वाटा शाकुंतलाकडेच जाताना दिसतात. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्या परीक्षकाला पुढचे काही माहीत नसते. तरुण अण्णासाहेब त्याला कसबे दिसले असते तर तसे, कच्चे दिसले असते तर तसे, त्याने नोंदविले असते. समकालीन परीक्षणाला इतिहासाच्या दृष्टीने मोल आहे ते त्याच्या या अज्ञानामुळे.

‘शारदा’कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांचीही गोष्ट अशीच. हरिपूरचा हा विद्यार्थी बेळगावास शिकला, येथेच काही काळ शिक्षक झाला आणि अण्णासाहेबांच्या सहवासात नाटकाकडे ओढला गेला. तालीममास्तर म्हणून पुढे त्यांची ख्याती झाली. नटाला सहज बोलावयास, सहज उभे राहावयास शिकविणारी त्यांची पद्धत नटांच्या आठवणींतून आपल्याला कळते. संहिता छापील असते, ती टिकते. तालमीतले ज्ञान नटाच्या अंगात असते आणि त्याच्याबरोबर जाते. परीक्षकाने पाहून लिहिले तर त्याचा थोडा अंश मागे राहतो.

पुस्तकाकडून प्रयोगाकडे

मराठी नाट्यसमीक्षा जन्मली ती ग्रंथसमीक्षेच्या घरात. १८६७ मध्ये सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’तून आणि इतर नियतकालिकांतून नाटकांची परीक्षणे येत, पण त्यांचा रोख प्रामुख्याने छापील पुस्तकावर असे: कथानक संभाव्य आहे की नाही, रस कोणता, नीतीस बाध येतो काय, भाषा शुद्ध आहे काय. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर स्वतः नाटककार होण्याआधी ‘विक्रमशशिकला’ या नाटकाचे परीक्षण लिहून प्रसिद्धीस आले, ते याच परंपरेत. हे लेखन विद्वत्तेचे होते. पण पात्र कोणत्या बाजूने आत आले, पदाला किती वेळा ‘वन्स मोअर’ मिळाला, शेवटच्या अंकापर्यंत प्रेक्षक किती उरले, हे त्यात क्वचितच सापडते.

विसाव्या शतकाच्या आरंभी दृष्टी बदलू लागली. १९०३ मध्ये अप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचा ‘मराठी रंगभूमी’ हा इतिहासग्रंथ आला. वर उल्लेखिलेल्या मुजुमदारांनी ‘रंगभूमि’ हे मासिकच चालविले. साठ वर्षांच्या रंगभूमीला आपल्या भूतकाळाची जाणीव झाली आणि मंडळ्या, नट, प्रयोग यांची नोंद ठेवली पाहिजे असे वाटू लागले. पुढे श्री. ना. बनहट्टी यांनी १९५७ मध्ये ‘मराठी रंगभूमीचा इतिहास’ याचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो १८४३ ते १८७९ या काळाचा. जुन्या वृत्तपत्रांतील त्रोटक मजकूर अभ्यासकाला किती उपयोगी पडतो हे त्या प्रकारच्या संशोधनावरून ध्यानात येते.

प्रयोगाच्या नोंदीचे सामर्थ्य दाखविणारे एक विलक्षण उदाहरण देतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. कीचकात लॉर्ड कर्झन दिसतो, हे कोणी समजावून सांगण्याची गरज प्रेक्षकांना नव्हती. त्या नाटकाच्या वेळी प्रेक्षागृहात काय घडत होते, पुरुषांच्या चेहऱ्यांवर काय होते, स्त्रियांचे डोळे कसे झाले होते, याचे अत्यंत बोलके वर्णन इंग्रजांच्या बाजूने झाले. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी आपल्या ‘इंडियन अनरेस्ट’ या १९१० च्या पुस्तकात ते घेतले. याच पुस्तकावरून लोकमान्य टिळकांनी पुढे चिरोल यांच्यावर फिर्याद केली. हेतू नाटकाला राजद्रोही ठरविण्याचा. पण आज ‘कीचकवधा’चा प्रेक्षक आपल्याला दिसतो तो त्याच वर्णनामुळे. आपल्याकडचे अभ्यासक संहितेतील वीररसाची चर्चा करीत राहिले आणि प्रेक्षकाचे चित्र काढले ते विरोधकाने. यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे: जो प्रयोग पाहून लिहितो त्याच्या हाती इतिहास जातो, मग तो मित्र असो वा शत्रू.

मंडळ्या गेल्या, मंडळे आली

बेळगाव, हुबळी, धारवाड हा टापू नाटकमंडळ्यांचा नेहमीचा मुक्काम होता. केशवराव भोसले यांची ‘ललितकलादर्श’ १९०८ मध्ये निघाली ती हुबळीस. कानडी रंगभूमीशी देवघेव तर अखंड होती. चुरमुरी शेषगिरिराव यांनी अण्णासाहेबांच्या आधी सुमारे दहा वर्षे ‘शाकुंतल’ कन्नडात आणले होते. मराठी मंडळ्यांची लोकप्रियता पाहून गदगेस शांतकवींनी कन्नड नाटकांची मंडळी उभी केली. बेळगाव जिल्ह्यातील एणगीचे शतायुषी नट एणगी बाळप्पा यांनी कन्नड कंपनी-नाटकाची परंपरा विसाव्या शतकात दीर्घकाळ चालविली. एकाच गावात, एकाच पेठेत दोन्ही भाषांचे तंबू पडत आणि पुष्कळसा प्रेक्षक दोन्हीकडे जाई. सीमाभागातील परीक्षकाला दोन्ही भाषा कळाव्यात, असे मी म्हणतो ते सौजन्य म्हणून नव्हे. दोन्हीकडची नाटके पाहिलेल्या प्रेक्षकाची आवड त्याखेरीज उलगडत नाही.

१९३१-३२ मध्ये बोलपट आला आणि व्यावसायिक मंडळ्यांची कंबर खचली. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणून नव्या नाटकाची दिशा दाखविली; १९४३ मध्ये सांगलीस नाट्यशताब्दी साजरी झाली; १९५४ नंतर राज्य नाट्यस्पर्धांनी गावोगावच्या हौशी कलावंतांना व्यासपीठ दिले. कंपनीची जागा मंडळाने घेतली. बेळगावातही बँकेतले, कचेरीतले, शाळेतले लोक एकत्र येऊन नाटके करू लागले. मामा वरेरकरांचे नाव धारण करणारा वरेरकर नाट्यसंघ याच वृत्तीचा वारसा सांगतो. पु. ल. देशपांडे राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापक होते. त्यांनी ‘गणगोत’मध्ये रेखाटलेले रावसाहेब हरिहर म्हणजे या गावच्या नाटकवेडाचा आणि कानडी वळणाच्या मराठीचा नमुनाच.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हे भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. १९४६ च्या ज्या साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, ते याच बेळगावात भरले होते. दहा वर्षांनी बेळगावच सीमेपलीकडे राहिले. त्या राजकीय प्रश्नात मी आज शिरत नाही. रंगभूमीच्या बाबतीत मात्र त्याचा परिणाम सांगितला पाहिजे. मुंबई-पुण्याच्या समीक्षकांचे लक्ष स्वाभाविकपणे तेथील नाट्यगृहांवर असते. माधव मनोहरांसारखा बहुश्रुत परीक्षक एखाद्या मराठी नाटकाचे परदेशी मूळ अचूक हुडकून काढी, पण त्याच्यासमोर येणारे नाटक बहुधा महानगरातले. दुसरीकडे, कर्नाटकाच्या रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्याची दृष्टी प्रथम कन्नड नाटकावर जाणार, आणि त्यातही वावगे काही नाही. या दोन्ही दृष्टींच्या मधल्या फटीत आपले प्रयोग पडतात. येथे झालेले नाटक येथल्या माणसाने लिहून ठेवले नाही तर दुसरा कोणी ते लिहावयास येणार नाही.

‘सर्वांची कामे चांगली झाली’

मग येथल्या माणसाने काय लिहिले? मी स्वतः अनेक वर्षे एका स्थानिक साप्ताहिकासाठी परीक्षणे लिहिली आणि इतरांची जमविली. त्यांतील बराच मोठा भाग एकाच साच्याचा आहे. प्रमुख पाहुण्यांचे नाव, दीपप्रज्वलन, अध्यक्षांचे चार शब्द, हार-तुरे, आणि अखेरीस एक वाक्य: नाटक रंगले, सर्वांची कामे चांगली झाली, प्रेक्षकांनी उत्तम दाद दिली. पुष्कळदा हा मजकूर नाटक करणाऱ्या मंडळाच्या चिटणिसानेच प्रयोगाच्या आदल्या दिवशी लिहून दिलेला असे. पन्नास वर्षांनी कोणी ही कात्रणे उघडली तर त्याला पाहुणे कळतील. नाटक कळणार नाही.

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. मोठ्या शहरातला परीक्षक प्रयोग संपल्यावर अंधारात निघून जातो. गावातल्या परीक्षकाला दुसऱ्या दिवशी सकाळी तोच नायक पोस्टाच्या खिडकीमागे भेटतो. नायिकेचे वडील त्याचे शेजारी असतात, दिग्दर्शक त्याचा माजी विद्यार्थी असतो. ‘दुसऱ्या अंकात लय सुटली’ एवढे वाक्य छापल्यावर एका गृहस्थांनी माझ्याशी वर्षभर अबोला धरला होता. निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवसभर हिशेब लिहून रात्री नऊनंतर तालमीला येणारी मुले मी पाहिली आहेत. पडदे आणि पोशाख भाड्याने आणायचे, पेटीवाल्याची मनधरणी करायची, स्त्रीभूमिकेसाठी बाहेरगावची नटी ठरवायची, तिच्याबरोबर एखादीच तालीम मिळायची, आणि नफा झालाच तर तो देवळाच्या किंवा शाळेच्या खात्यात जमा व्हायचा. अशा प्रयोगावर कठोर लिहिताना लेखणी अडखळते, आणि ती अडखळलीच पाहिजे. जिची अडखळत नाही तो परीक्षक गावाला नको.

याहून खोल असे आणखी एक कारण सीमाभागात आहे. येथे मराठी नाटक करणे हे केवळ रंजन राहिलेले नाही, ते भाषेचे काम झाले आहे. फलकावर मराठी दिसावी, शाळेत मराठी राहावी म्हणून जो समाज झगडतो, त्याला रंगमंचावरची मराठी हा स्वाभिमानाचा विषय वाटणे साहजिक आहे. अशा वेळी ‘नाटक फसले’ असे लिहिणारा माणूस घरचा भेदी ठरतो. ‘अहो, नाटक होते आहे हेच पुष्कळ नाही का?’ हा प्रश्न मला कितीदा विचारला गेला याची गणती नाही.

या प्रश्नाचे माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते का, हेच सांगण्यासाठी आज मी येथे उभा आहे. भाषेवरील प्रेमापोटी वाईट नाटकाला चांगले म्हणणे म्हणजे ती भाषा आता दयेवर जगते अशी कबुली देणे होय. ज्याच्याविषयी आपल्याला आशा उरलेली नसते त्याचेच आपण निव्वळ कौतुक करतो. घरातल्या हुशार मुलाचे गणित चुकले तर आपण त्याला ते दाखवितो. बेळगावची रंगभूमी ही अण्णासाहेबांची आणि देवलांची रंगभूमी आहे; तिला कौतुकाच्या सलाईनवर ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? खोट्या स्तुतीने आणखी एक हानी होते. सगळेच प्रयोग ‘रंगले’ म्हटल्यावर जो खरोखर रंगला होता तो वेगळा ओळखता येत नाही. सामान्य नटाला दिलेल्या प्रत्येक खोट्या शाबासकीची किंमत गुणी नटाने चुकविलेली असते.

परीक्षणाची रीत

मग लिहावे कसे? ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गुरुवर्य स्नेहसंमेलनानंतर मुलांकडून नाटकावर एक पान लिहून घेत आणि बजावीत, की काय पाहिले ते आधी लिहा, कसे वाटले ते मागून. पुष्कळ ग्रंथ वाचूनही याहून उपयुक्त नियम मला सापडलेला नाही.

‘काय पाहिले’ यात पुष्कळ गोष्टी येतात. प्रयोगाची तारीख, जागा, संस्थेचे आणि नाटककाराचे नाव, नाटक रूपांतरित असल्यास मूळ कोणते, हा कितवा प्रयोग, पूर्ण संहिता की काटछाट, संगीत नाटक असल्यास कोणती पदे गाळली, पात्रयोजना, दिग्दर्शक, नेपथ्य आणि प्रकाश करणारे, पेटी-तबल्याचे साथीदार, तिकिटाचा दर, प्रेक्षकांची साधारण संख्या, तिसरी घंटा किती वाजता झाली आणि पडदा किती वाजता पडला. वृत्तपत्रात जागा कमी असते हे मान्य. पण हारतुऱ्यांना जेवढी जागा मिळते तेवढ्यात हे सारे बसते. ज्या माणसाने विंगेत उभे राहून आठ प्रवेशांचे सामान अंधारात बदलले त्याचे नाव एकदा तरी छापले जावे, हा न्यायाचाही भाग आहे.

त्यानंतर मूल्यमापन. येथे दोन टोके टाळावी लागतात. हौशी आहेत म्हणून सारे माफ, हे एक टोक. मुंबईच्या व्यावसायिक प्रयोगाची फूटपट्टी जशीच्या तशी लावणे, हे दुसरे. मंडळाने काय करावयाचे योजिले होते, त्यासाठी कोणती साधने होती आणि त्या साधनांत योजलेले किती साधले, हे पाहावे. दोन दिवे असताना चार दिव्यांचा परिणाम साधणाऱ्याचे कौतुक करावे, आणि वीस दिवे असूनही नटाचा चेहरा अंधारात ठेवणाऱ्याला तसे सांगावे. दोष सांगताना तो दुरुस्त होण्याजोगा असेल तर विस्ताराने सांगावा. नटाच्या अंगकाठीसारखा न बदलणारा असेल तर मौन बाळगावे. त्याच्याविषयी लिहून कोणाचेही कल्याण होत नाही.

उच्चारांचा प्रश्न आपल्याकडे विशेष नाजूक आहे. बाहेरून आलेले स्पर्धेचे परीक्षक आपल्या नटांना ‘उच्चार कानडी वळणाचे आहेत’ असे सांगून गुण कापतात, अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. येथे स्थानिक परीक्षकाने विवेक करावयास हवा. पेशवाईतील मुत्सद्द्याचे पात्र बेळगावी हेल काढून बोलू लागले तर तो दोषच. पण आजच्या काळातील, आपल्याच गल्लीत घडणारे कथानक असताना नटाने पुण्याची मराठी ओठांवर चिकटवावी असा आग्रह धरणे, हाही दोषच. पु. लं.च्या कानाला जी बोली रसाळ वाटली ती आपल्याच रंगमंचावर आपल्याला लाजिरवाणी का वाटावी? बोली कोठे शोभली आणि कोठे खटकली, हे बारकाईने सांगू शकेल असा परीक्षक या भागातच तयार होऊ शकतो. हे काम पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याचे नव्हे.

हौशी प्रयोगांवर एवढे कष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांना मी १६ डिसेंबर १९७२ ची आठवण देईन. त्या दिवशी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या हौशी संस्थेने राज्य नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने तो थांबविला. पण तोवर त्यावर इतके लिहिले, बोलले, भांडले गेले होते, की त्याला विस्मृतीत ढकलणे अशक्य झाले. मोठे नाटक कोणत्या गावच्या कोणत्या मंडळातून येईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक प्रयोगाकडे परीक्षकाने डोळे उघडे ठेवून जावयाचे असते.

शाळेचे काम

२०१५ च्या फेब्रुवारीत पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन बेळगावात भरले. अध्यक्षपदी फय्याज होत्या. संमेलनाच्या बातम्या झाल्या, अध्यक्षीय भाषण झाले, ठराव झाले. ते सारे नोंदविले गेले. पण असा सोहळा काही दशकांतून एकदा येतो. त्याच्या आधी आणि नंतर, जत्रेच्या मांडवात, गणेशोत्सवात, शाळेच्या पटांगणावर जे प्रयोग वर्षानुवर्षे होत राहिले, त्यांच्या आधारावर संमेलने उभी असतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी अशा गावांनी साहित्यसंमेलने स्वतःच्या बळावर भरवून दाखविली आहेत. ही चिकाटी ज्या समाजात आहे त्याला नाटकांची नोंद ठेवणे कठीण जाऊ नये.

म्हणून या शाळेपुढे मी एक मागणे ठेवतो. ग्रंथालयात एक कपाट रंगभूमीसाठी राखावे. माजी विद्यार्थ्यांच्या घरी ट्रंकांत पडलेल्या हस्तपत्रिका, छायाचित्रे, नटाने पेन्सिलने खुणा केलेल्या संहिता, तिकिटांची पुस्तके आणि कात्रणे त्यात आणून ठेवावीत, आणि प्रत्येक कागदावर तारीख व गाव घालावे. आता भ्रमणध्वनीवर चित्रण होते, मग लिहावयाचे कशाला, असा प्रश्न तरुण मित्र विचारतील. चित्रण जरूर ठेवावे. पण त्या रात्री नाटकाच्या ऐन रंगात वीज गेली असता मागच्या रांगेतली म्हातारी काय पुटपुटली आणि सारे प्रेक्षागृह का हसले, हे कॅमेऱ्याला कळत नाही. ते तेथे बसलेल्या माणसानेच लिहावे लागते. दरवर्षी वरच्या वर्गांतील मुलांना गावातील एक नाटक दाखवून, मराठी असो वा कन्नड, त्यावर एक पान लिहावयास लावावे, आणि त्यांतील चांगले लेख त्याच कपाटात ठेवावेत. त्या मुलांतला एखादा पुढे नट होईल, एखादा नाटककार होईल. बाकीचे जाणते प्रेक्षक झाले तरी शाळेचे श्रम फळास आले असे मी समजेन.

या गावात दीडशे वर्षांपूर्वी एका कारकुनाने नोकरी सांभाळून नाटके बसविली, आणि ती त्याच्या शेजाऱ्यांनी पाहिली. त्या शेजाऱ्यांना काय वाटले हे जाणून घ्यावयाची तहान आज आपल्याला लागते. आपणही कोणाचे तरी शेजारी आहोत. आज रात्री गावात कोठे तिसरी घंटा होणार असेल तर तेथे जाऊन बसा, आणि घरी आल्यावर निजण्यापूर्वी काय पाहिले ते आजच्या तारखेनिशी लिहून ठेवा, एवढीच माझी आपणा सर्वांना विनंती आहे.